गळाच्या तळ्यात चिलापी फार झाली तर

कृषी पर्यटनाच्या तळ्यात चिलापी, म्हणजेच तिलापिया, बेसुमार वाढली की पाहुण्यांनी टाकलेले आमिष बोटभर पिल्लेच कुरतडून टाकतात आणि मोठ्या रोहू-कटल्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

यासाठी एप्रिल-मे महिन्यांत पाणी उतरलेले असताना आधी ओढजाळ्याने शक्य तितकी चिलापी काढून घ्यावी, कारण मोठी झालेली चिलापी शिकारी माशाच्या तोंडात मावत नाही. काढलेली मासळी माडाच्या आळ्यात पुरली तर वायाही जात नाही. त्यानंतर चिलापीची पिल्ले खाणारा शिकारी मासा म्हणून वीतभर लांबीचे, शक्यतो एकाच आकाराचे जिताडे सोडावेत. आकारात फरक असल्यास मोठा जिताडा लहानाला खातो. बीज, म्हणजे सोडायची पिल्ले, खाऱ्या पाण्यातले असेल तर ते पिंपात ठेवून त्यात तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळत सरावू द्यावे, घाई करू नये. जिताडा गोड्या पाण्यात उत्तम वाढतो, रायगडच्या खारपट्ट्यातील शेततळ्यांत तो पूर्वीपासून पाळला जातो, आणि त्याची वीण खाऱ्या पाण्यातच होत असल्यामुळे तळ्यात त्याची संख्या आपल्या हाताबाहेर जात नाही. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

कोंडा-पेंड टाकणे त्या काळात बंद ठेवावे. गळाला लागलेली चिलापी पाहुण्यांनी घरी न्यावी, जिताडा मात्र परत पाण्यात सोडावा.

शिकारी मासा म्हणून आफ्रिकन मांगूर कधीही सोडू नये. त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे आणि पावसाळ्यात तळे भरून वाहिले की तो व्हाळात, म्हणजे ओढ्यात, शिरून तेथील मासळी संपवतो.