गरम जॉब आणि ऑफसेट: सीएनसीवर नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमा किंवा आयटीआय करून सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीत नाहीतर अक्कलकोट रोडला सीएनसी टर्निंगवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) लागणाऱ्यांसाठी लिहितोय. जी-कोड, एम-कोड येतात हे धरून चालतो.

मला सगळ्यात जास्त छळलं ते गरम जॉबने, म्हणजे मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या तुकड्याने. ड्रॉइंगवरचं माप 20 अंश सेल्सिअसला धरलेलं असतं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 11.5 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. समजा शाफ्ट 50 मिमीचा, फिट लहान एच 6 (मापाला किती सूट आहे ते सांगणारा कोड), म्हणजे 49.984 ते 50.000. हातात येतात फक्त 16 मायक्रॉन. चकमधून काढलेला जॉब मायक्रोमीटरपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर व्यास 11-12 मायक्रॉन जास्त दिसतो. वाचन येतं 50.004. सुपरवायझर मागे उभा, पोरगा घाबरतो आणि ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती, 12 मायक्रॉनने कमी करतो. थंड झाल्यावर पहिला जॉब 49.992 भरतो, म्हणजे बरोबर मधोमध. पुढचे सगळे 49.980 वर, रिजेक्ट. कमी झालेलं मटेरियल परत चढत नाही.

म्हणून जॉब ट्रेवर ठेवा, निवू द्या, मग मापा. बादलीत बुडवून काढायची घाई नको. वरून गार लागतो, आत गरमच असतो. सोलापूरच्या मे महिन्यात शेडमध्ये चाळिशी असते, तिला मात्र भिऊ नका. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे, दोन्ही एकाच तापमानाला आले की फरक जवळजवळ मिटतो. ॲल्युमिनियमला ही सवलत नाही, ते पोलादाच्या दुपटीने वाढतं. आणि मायक्रोमीटर खिशात ठेवू नका, अंगाची ऊब त्यालाही लागते.

व्हिडिओ बघून सेटर (मशीन जुळवून देणारा) होता येतं, हे मला अजिबात पटत नाही. शिफ्टमधला एखादा जुना अण्णा धरा, जो ऑफसेट बदलताना कारण सांगतो. नुसतं 'दहा कमी कर' म्हणणाऱ्याच्या हाताखाली वर्ष फुकट जातं. पूर्व भागातल्या ज्या पोरांच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यांनी तर स्वतःला कमी समजूच नये. आवाज बदलला की मशीन थांबवायची सवय त्यांच्या अंगात असते, आणि इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बोथट झाल्याचं पहिल्यांदा कानालाच कळतं.

प्रत्येक ऑफसेट वहीत लिहा: वेळ, वाचन, बदल, आणि जॉब गरम होता की गार. रिजेक्शनची चौकशी लागली की सगळे आधी नव्या पोराकडे बघतात. तेव्हा वही पुढे करा.