रोमन मोझेकची फरशी जपताना या चुका टाळा

इंग्लंडच्या ससेक्समध्ये बिग्नर नावाचं खेडं आहे. १८११ साली तिथे जॉर्ज टपर या शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ दगडाला अडला आणि खाली रोमन हवेली निघाली. १८१४ पासून ती लोकांना बघायला खुली आहे. तिच्या स्नानगृहात, कपडे बदलायच्या खोलीत, मेड्यूसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांऐवजी साप असलेल्या स्त्रीचं, तोंड असलेली मोझेकची फरशी आहे. मोझेक म्हणजे दगडाचे छोटे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र. अशा छोट्या संग्रहालयांत पैसा कमी आणि हौस दांडगी असते. फरशीचा घात बहुतेक वेळा हौसच करते.

सगळ्यात जुनी खोड म्हणजे पाहुणे आले की फरशीवर पाणी मारायचं. कोरडा चुनखडीचा दगड फिकट दिसतो, ओला केला की रंग खुलतात, फोटो झकास येतो. पण ते पाणी खाली मुरतं, मातीतले आणि गाऱ्यातले, म्हणजे तुकडे बसवायच्या लगद्यातले, क्षार विरघळवतं आणि सुकताना वर घेऊन येतं. मग तुकड्यांच्या सांध्यांत पांढरा लोणा फुटतो. क्षारांचे खडे आत वाढले की दगडाचा पापुद्रा सुटतो. लोणा दिसला तर ओल्या फडक्याने पुसू नका, तो पुन्हा आत जिरेल. मऊ ब्रशने कोरडाच झाडून गोळा करा, जागा नकाशावर खुणा करून ठेवा आणि ओल कुठून येते ते शोधा. पावसाळी पन्हळ तुंबलेली असते किंवा बाहेरच्या जमिनीचा उतार भिंतीकडे असतो. बरेचदा दोष तिथेच सापडतो. चमक यावी म्हणून मेण किंवा व्हार्निश लावणं हाही त्याच रोगाचा प्रकार. ओल आत कोंडते आणि थर पिवळा पडतो.

सिमेंटबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. विसाव्या शतकात कितीतरी फरश्या तुकडे करून उचलल्या आणि लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटवर बसवल्या. त्या काळी ते पक्कं काम वाटलं. पुढे सळ्या गंजल्या, फुगल्या, काँक्रीट तडकलं आणि वरचं चित्रही. सिमेंट स्वतःच क्षार सोडतं, आणि इतकं कडक असतं की काढायला जावं तर आधी दगडच फुटतो. रोमन कारागिरांनी खाली खडीचा थर, वर चुना आणि विटांचा चुरा, असं काम केलं होतं. आपल्या जुन्या वाड्यांतली चुना-सुरखी याच जातीची. सुटलेल्या कडा चुन्याच्याच गाऱ्याने बांधून घ्या. बोटाच्या पेराने हलकं ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर तिथे थर सुटलाय. त्या पोकळीत चुन्याचा पातळ गारा भरणं हे तज्ज्ञाचं काम. तोवर त्या जागी कुणाला पाय ठेवू देऊ नका.

छप्पर पारदर्शक असावं असं वास्तुकारांना फार वाटतं. इटलीच्या सिसिली बेटावरच्या व्हिला देल कासाले या रोमन हवेलीवर १९५०च्या दशकाच्या अखेरीस फ्रांको मिनिस्सी यांनी तसंच छप्पर उभारलं. दिसायला देखणं, पण आत उन्हाळ्यात भट्टी. पुढे ते काढून अपारदर्शक छप्पर घालावं लागलं. बिग्नरचं गवताने शाकारलेलं छप्पर त्यापुढे गावंढळ वाटेल, पण ऊन अडवतं आणि तापमान हळूहळू बदलू देतं. माझं मत विचाराल तर गवतच.

कोपऱ्यात हिरवं शेवाळ धरलं की लोक ब्लीच आणि तारेचा ब्रश घेऊन धावतात. ब्लीच मागे क्षार ठेवतं, तारेने पृष्ठभाग कायमचा ओरखडतो. उजेड आणि ओल यांतलं एक तोडलं तरी शेवाळ मरतं, म्हणून आधी तिथल्या खिडकीला पडदा लावा.

गळालेला भाग अंदाजाने पुन्हा रचू नका. साधा, मंद रंगाचा चुना भरून मोकळा सोडा.

आणि निगा राखणं जमणारच नसेल, तर फरशी पुन्हा पुरणं हाही उपाय आहे. इंग्लंडमध्येच ग्लॉस्टरशायरमधली वुडचेस्टरची मोठी रोमन फरशी १९७३ नंतर मातीखालीच आहे. फक्त पुरताना प्लॅस्टिकचा कागद अंथरू नका, त्याखाली पाणी साचतं. हवा-पाणी जाऊ देणारं कापड, त्यावर धुतलेली वाळू, मग माती. आणि वर झाडं उगवू देऊ नका; मुळं सांधे शोधत थेट खाली जातात.