दापोली-गुहागरला मुलाबाळांसह जाताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईकडची बहुतेक कुटुंबे कोकणातली सहल किलोमीटर आणि घड्याळ या दोन गोष्टींवर आखतात. आमच्याही पहिल्या दोन सहली तशाच आखलेल्या होत्या आणि दोन्ही वेळा जे फसले त्याचे मूळ एकच निघाले. किनाऱ्यावर कोणत्या वेळी काय करता येईल हे भरती-ओहोटी ठरवते आणि ताटात काय पडेल हे खानावळीत आदल्या रात्री काय सांगून ठेवले होते त्यावर ठरते. या दोहोंचा विचार न करता केलेले वेळापत्रक पहिल्याच दुपारी कोलमडते. पुढे लिहिले आहे ते मुख्यतः दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांविषयी असले, तरी कोकणच्या बाकी किनाऱ्यालाही त्यातले बरेचसे लागू पडेल.

तारीख पाहिली, तिथी नाही

सहल ठरवताना आपण शनिवार-रविवार पाहतो, शाळेची सुट्टी पाहतो, खोलीचे भाडे पाहतो. कॅलेंडरच्या त्याच चौकोनात बारीक अक्षरात छापलेली तिथी मात्र पाहत नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी भरती आणि संध्याकाळी पाचनंतर ओहोटी. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि नेमकी वेळ हवी असल्यास भरती-ओहोटीचे तक्ते आता मोबाइलवरही मिळतात. परंतु तारीख निवडण्यापुरता हा तोंडी हिशेब पुरेसा आहे.

अष्टमीच्या शनिवारी दुपारी झोप काढून, चहा घेऊन, मुलांच्या बादल्या-फावडी घेऊन सहाला किनाऱ्यावर गेलात, तर पाणी वर आलेले असते आणि किल्ला करायला वाळूची चिंचोळी पट्टी तेवढी उरलेली असते. पौर्णिमेच्या संध्याकाळी वाळू हवी तेवढी मिळते, पण ते दिवस उधाणाचे असल्यामुळे उतरते पाणी चांगलेच ओढते आणि पाच वर्षांच्या मुलाच्या पायाखालची वाळू बघता बघता सरकते. लहान मुले बरोबर असतील तर माझी पसंती द्वादशी-त्रयोदशीच्या सुट्टीला आहे, कारण त्या दिवशी ओहोटी दुपारी तीन-चारच्या सुमारास असते आणि संध्याकाळी रुंद वाळूवर पाणी हळूहळू चढत येत असते. तशी सुट्टी मिळाली नाही म्हणून सहल रद्द करण्याचे कारण नाही. त्या दिवशी किनाऱ्याची वेळ सकाळकडे सरकवावी आणि संध्याकाळी देऊळ, बाजार किंवा बंदर करावे.

हेच गणित उलट बाजूने हेदवीला चुकते. दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन सोयीच्या वेळी बामणघळ पाहायला गेलेली मंडळी खडकातली एक कोरडी भेग पाहून परततात आणि कोणीतरी उगाच डोक्यावर चढवून ठेवलेले ठिकाण म्हणून नावे ठेवतात. भरतीची लाट त्या अरुंद घळीत कोंडली जाऊन उंच उसळते, तेच तर तिथे पाहायचे असते. तेव्हा हेदवी भरतीच्या वेळेला धरून ठेवावी आणि खडक शेवाळलेले असल्यामुळे मुलांचा हात धरून, घळीपासून चांगलेच अंतर राखून उभे राहावे.

वाळू घट्ट दिसते म्हणून गाडी खाली उतरवणे

ही चूक आमच्या घरातली आहे. कर्द्याच्या किनाऱ्यावर दुपारी अडीचला ओल्या, सपाट वाळूवर मेहुण्याने मोठ्या हौसेने गाडी नेऊन उभी केली. त्या दिवशी सासूबाईंचा एकादशीचा उपास होता, म्हणून तिथी पक्की ध्यानात आहे. पाच वाजता निघायला गेलो तेव्हा मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि प्रत्येक वेळी बोटभर आणखी खाली गेली. मेहुण्याने जोर वाढवला तशी वाळू मडगार्डवर उडाली आणि गाडी पोटावर टेकली. समुद्र तोपर्यंत पंचवीस-तीस पावलांवर आला होता. खानावळीच्या काकू अंगणातून हे पाहत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अकराची पाऊणपट सव्वाआठ. तुम्ही लावलीत तेव्हा सुकती होती हो, आता पाणी तुमच्याकडेच येतंय. ट्रॅक्टरवाल्याला बोलावते."

गाडी रुतलीच तर पहिली गोष्ट म्हणजे रेस करणे थांबवावे. सगळ्यांना खाली उतरवून सामान काढावे, चाकांपुढची वाळू हातांनी उकरावी, टायरमधली थोडी हवा सोडावी म्हणजे रबर पसरून पकड मिळते, आणि चाकाखाली फळ्या, झावळ्या किंवा गाडीतल्या रबरी चटया सरकवून अगदी सावकाश बाहेर घ्यावी. दहा मिनिटांत जमले नाही तर संकोच सोडून गावातून ट्रॅक्टर मागवावा. बाहेर निघाल्यावर गाडीचे पोट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन काढावे, नाहीतर खारे पाणी पुढे गंजाच्या रूपाने हिशेब चुकता करते. मुळात किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. खेळणाऱ्या मुलांना तिचा धोका असतोच, शिवाय या पट्ट्यात हिवाळ्यात कासवे अंडी घालतात आणि वाळूखालचे घरटे चाकाला दिसत नाही.

नकाशावरची अंतरे

नकाशात 'मुरुड' टाकून निघणाऱ्यांनी एकदा जिल्हा तपासून घ्यावा. जंजिऱ्याजवळचे मुरुड रायगडात आहे आणि महर्षी कर्व्यांचे मुरुड दापोली तालुक्यात. दोन्ही ठिकाणी समुद्र आणि नारळी-पोफळीच्या वाड्या असल्यामुळे खोली कुठली ठरवली आहे हे कधीकधी दारात पोहोचल्यावर कळते.

दापोलीहून गुहागर एका दिवसात करून परत येणे शक्य आहे, पण ते दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या भरवशावर. वाशिष्ठीची खाडी गाडीसकट ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. ती बोट हुकली तर चिपळूणचा मोठा वळसा, तोही अंधारात आणि वळणांच्या रस्त्याने, मागच्या सीटवर उलटीच्या बेतात आलेल्या मुलांसह करावा लागतो. म्हणून सकाळी जातानाच शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर विचारून ठेवावी आणि तिच्यावर विसंबून न राहता आधीची एखादी बोट गाठावी, कारण नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत गाड्यांची रांग लांबते. त्याच दिवशी तवसाळ-जयगड फेरी पकडून गणपतीपुळेही उरकू, असा बेत मुले बरोबर असताना करू नये. तो केलेल्यांच्या फोटोंमध्ये देवळे दिसतात, मुले झोपलेली दिसतात.

माझ्या अनुभवात एका दिवसाला एक लांबचे आणि एक जवळचे ठिकाण पुरे होते: सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, जिथून सुवर्णदुर्ग समुद्रात बसलेला दिसतो, आणि संध्याकाळी हर्णै बंदर. दुपारी उन्हात कुठेही जाऊ नये.

जेवण आयत्या वेळी मिळेल असे समजणे

शहरातल्या उपाहारगृहाच्या सवयीने दुपारी अडीचला सहा माणसे घेऊन खानावळीच्या दारात उभे राहिले की 'जेवण संपलं' हे उत्तर ऐकावे लागते, आणि त्यात बाईंचा दोष नसतो. घरगुती खानावळीत माणसे मोजून मासा आणतात, माणसे मोजून भाकऱ्या थापतात. दुपारच्या जेवणाचे सकाळी न्याहारीलाच आणि रात्रीच्या जेवणाचे दुपारी सांगावे. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे, कारण पिठी आणि नारळाची तयारी आयत्या वेळी होत नाही. किती शाकाहारी, किती मांसाहारी, मुलांसाठी कमी तिखट किती, हे आकडे स्पष्ट द्यावेत. 'काहीही चालेल' असे म्हणणारे पाहुणे स्वयंपाकघराला सर्वांत अवघड जातात.

भावाची कुरबुरही बहुधा न विचारल्यामुळे होते. सुरमई आणि पापलेट यांचा दर आकारावर व त्या दिवशीच्या आवकेवर ठरतो, म्हणून मागवण्यापूर्वी थाळीत किती तुकड्या, केवढ्या आणि कितीला, हे तीनही प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. बांगडा आणि मांदेली तुलनेने स्वस्त पडतात, पण लहान मुलाच्या ताटात काट्याच्या दृष्टीने सुरमईची तुकडी किंवा मोरी बरी. घशात काटा अडकलाच तर कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने काटा आणखी रुतू शकतो. थोडे पाणी पाजून पाहावे आणि टोचणे थांबले नाही तर डॉक्टरांकडे न्यावे.

1 जून ते 31 जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत 'ताजी सुरमई आहे का' हा प्रश्न विचारून दोघांनाही अडचणीत टाकण्यापेक्षा खाडीचे मासे, सोड्याची खिचडी, सुकटीची चटणी, वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले असे जे खरोखर त्या ऋतूचे आहे ते मागावे. पावसाळ्यातले माझे सर्वांत चांगले जेवण गुहागरात एका ओटीवर झाले होते आणि त्यात मासा नव्हता. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात मासळी घेऊन ती खानावळीत रांधून घेण्याची हौस पुष्कळांना असते. तिथे आधी खानावळीला विचारावे, मग बाजारात जावे. उलट क्रमाने केल्यास दोन किलो कोळंबी हातात घेऊन रात्री आठला दारोदार फिरण्याची वेळ येते.

पैसे देताना नेट जाते, हे गृहीत धरून दोन दिवसांच्या जेवणापुरती रोख रक्कम दापोलीतच काढून घ्यावी.

पाण्यातले नियम

मुलांनी गुडघ्यापलीकडे जायचे नाही आणि एक मोठा माणूस मोबाइल न पाहता त्यांच्याकडे पाहत उभा राहील, एवढे दोन नियम घरातूनच ठरवून निघावेत. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने जिवाच्या आकांताने हात मारण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हायचे असते, हे मोठ्यांनीही पाठ करून ठेवावे. जेलीफिश लागली तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चोळू नये, गोडे पाणी ओतू नये; सूज पसरू लागली किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच दवाखाना गाठावा.

परतीचा रविवार

दुपारचे जेवण करून निघणाऱ्या सगळ्या गाड्या माणगावात एकमेकींना भेटतात. शनिवारी रात्रीच हिशेब चुकता करावा, ओले कपडे वेगळ्या पिशवीत बांधावेत, काकूंना सकाळी साडेसहाला घावने आणि चटणी डब्यात भरून द्यायला सांगावे आणि सातच्या आत गाडी सुरू करावी. मुले ताम्हिणी येईपर्यंत झोपतात, आणि घावने घाटात थांबून खाल्ले तर थंडही चांगले लागतात.