ब्राझीलच्या बीच सॉकर टीमचा अभ्यास कसा करायचा – नवीन लोकांसाठी माझा अनुभव

स्पोर्ट्स रायटिंगमध्ये नवीन येणारी मुलं-मुली बऱ्याचदा विचारतात की नेहमीच्या खेळांमध्ये आधीच एवढी गर्दी आहे, मग आम्ही शिरायचं कुठून. माझं उत्तर ठरलेलं असतं, एखादा छोटा खेळ पकडा आणि त्यातली एकच टीम मुळापासून अभ्यासा. मी स्वतः तेच केलं, खेळ बीच सॉकर म्हणजे वाळूवरचा फुटबॉल, आणि टीम ब्राझील. मॅचच्या आधी कॉमेंट्री करणाऱ्यांना आकड्यांच्या आणि इतिहासाच्या नोट्स बनवून द्यायचं माझं काम आहे, आपलं नाव कुठे येत नाही पण एखादा जुना संदर्भ बरोबर त्या क्षणी कॉमेंटेटरच्या तोंडून ऐकला की खूप भारी वाटतं.

सुरुवात नियमांपासून करा, कारण नियम माहीत नसतील तर या खेळाचे स्कोअरच विचित्र वाटतात. एका बाजूला गोलकीपर धरून 5 जण, सगळे अनवाणी, 12-12 मिनिटांचे तीन पिरियड, सब्स्टिट्यूशन कितीही वेळा, आणि मॅच ड्रॉ नावाची गोष्टच नाही. बरोबरी झाली की 3 मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी. फ्री किकला समोर वॉल, म्हणजे खेळाडूंची भिंत, उभी करता येत नाही, त्यामुळे फाउल केला की समजा गोल आलाच असा धोका असतो. वाळूत बॉल सरळ घरंगळत जात नाही, उड्या मारतो, म्हणून चांगले खेळाडू तो आधी उचलून हवेत घेतात आणि तिथून पास किंवा बायसिकल किक (उलटं होऊन डोक्यावरून मारलेली किक) मारतात. हे एकदा डोक्यात बसलं की फायनलचा स्कोअर 12-8 आहे हे वाचून दचकायला होत नाही.

आता इतिहास. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण ब्राझीलने वर्ल्ड कप किती जिंकले याचं उत्तर एकीकडे 7 मिळतं आणि दुसरीकडे 16. दोन्ही बरोबर आहेत. 1992 मध्ये खेळाचे नियम पक्के लिहिले गेले आणि 1995 पासून रिओच्या कोपाकबाना बीचवर वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली, ती 2004 पर्यंत दरवर्षी झाली. त्या 10 पैकी 9 ब्राझीलने जिंकल्या, फक्त 2001 ची पोर्तुगालने नेली, तीसुद्धा ब्राझीलच्याच भूमीवर. मग 2005 पासून फिफाने स्पर्धा हातात घेतली आणि फिफाच्या हिशोबात ब्राझीलची 7 विजेतेपदं आहेत : 2006, 2007, 2008, 2009, 2017, 2024 आणि 2025. म्हणून माझ्या फाइलमध्ये पहिल्यापासून दोन वेगळे तक्ते आहेत आणि नोट देताना मी कुठल्या तक्त्यातला आकडा आहे ते शेजारी लिहितोच, तुम्हीही लिहा.

जुन्या काळातली नावं वाचताना मजा येते. 1982 च्या नेहमीच्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये खेळलेला ज्युनियर नंतर वाळूवर मोठा स्टार झाला, झिको 1995 च्या टीममध्ये होता, आणि 2005 ला फिफाचा पहिला बीच वर्ल्ड कप झाला तेव्हा रोमारिओ खेळला. एवढं सगळं असून, आणि कोपाकबानावर घरचं पब्लिक असून, सेमीफायनलला पोर्तुगालने ब्राझीलला पेनल्टीवर बाहेर काढलं. कप फ्रान्सने नेला, त्यांचा कोच होता एरिक कँटोना. रोमारिओसारखं मोठं नाव टीममध्ये आणलं की वाळूवर जिंकता येतं हा समज माझ्या मते तिथेच संपला.

मी एक गोष्ट सगळ्या नवीन लोकांना करायला लावतो, विजेत्यांची यादी आणि वैयक्तिक बक्षिसांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचायची. 2006 ला ब्राझील चॅम्पियन, फायनलला उरुग्वेला 4-1 हरवलं, पण स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल पोर्तुगालच्या माजेरचे, तब्बल 21. 2009 ला दुबईत ब्राझीलने फायनलला स्वित्झर्लंडवर 10 गोल केले, पण टॉप स्कोअरर स्वित्झर्लंडचाच डेयान स्टँकोविच, 16 गोल. 2017 ला ब्राझील चॅम्पियन, सर्वाधिक गोल इटलीच्या गोरीचे. आता उलटं बघा, 2011 ला टॉप स्कोअरर ब्राझीलचा आंद्रे, 14 गोल, आणि कप गेला रशियाकडे. 2013 ला ताहितीमध्ये सर्वोत्तम खेळाडू ब्राझीलचा ब्रूनो झेवियर, आणि टीम तिसरी. अपवाद म्हणाल तर 2007, तेव्हा कपही ब्राझीलचा आणि टॉप स्कोअरर बुरूसुद्धा ब्राझीलचाच.

यावरून माझं मत असं बनलंय की ब्राझीलची खरी ताकद बेंचमध्ये, म्हणजे बाहेर बसलेल्या बदली खेळाडूंमध्ये आहे. वाळूत सलग पळून बघा, पाय दोन मिनिटांत जड होतात, त्यामुळे ज्या टीमकडे आत येणारा माणूस बाहेर जाणाऱ्याइतकाच चांगला असतो ती टीम तिसऱ्या पिरियडमध्ये मॅच काढते, आणि 2006 ते 2009 या चार विजेत्या वर्षांत बेंजामिन, बुरू, सिडनी, गोलकीपर माओ अशी माणसं एकाच टीममध्ये होती. एकट्या हिरोची गोष्ट लिहायला सोपी असते म्हणून नवीन लेखक तीच शोधतात, पण या टीमच्या बाबतीत तसं लिहिलं तर वाचकाला चुकीचंच चित्र मिळतं हे मला मनापासून वाटतं.

आणि कृपा करून हरलेली वर्षं उडी मारून पुढे जाऊ नका, मी सगळ्यात जास्त शिकलो ते तिथेच. 2011 ला इटलीत रावेन्नाला फायनल, ब्राझीलने 8 गोल केले तरी हरले, रशियाने 12 केले. त्यानंतर 2015 च्या क्वार्टरफायनलला परत रशिया, 2019 च्या क्वार्टरफायनलला परत रशिया, आणि 2021 ला मॉस्कोमध्ये क्वार्टरफायनललाच सेनेगलने बाहेर काढलं. इतके कप जिंकलेल्या टीमला लोकांनी नुसतं कौशल्यावर नाही तर फिटनेस, शिस्तबद्ध डिफेन्स आणि ठरवून बसवलेल्या मूव्ह्जवर गाठलं, बाकीचं जग पुढे आलं ते असं. मधे 2017 ला बहामासमध्ये ताहितीवर 6-0, म्हणजे बीच सॉकरच्या फायनलला समोरच्याला एकही गोल नाही! गोलांचा पाऊस पडणाऱ्या खेळात हे मला 2009 च्या फायनलमधल्या 10 गोलांपेक्षा मोठं वाटतं, आणि 2009 वाला माओ तेव्हाही गोलमध्येच होता.

रोजच्या कामाबद्दल थोडं. ब्राझीलचे खेळाडू एका टोपणनावाने ओळखले जातात, त्यामुळे प्रत्येकाचं पूर्ण नाव, टोपणनाव आणि तो कुठल्या कुठल्या स्पर्धेत होता असं वेगळं पान करा, नाहीतर सारख्या नावांची दोन माणसं एक होऊन बसतात. पॉइंट्स टेबल वाचताना लक्षात ठेवा की नियमित वेळेत जिंकलं तर 3, एक्स्ट्रा टाइममध्ये 2 आणि पेनल्टीवर फक्त 1, म्हणून सारखेच विजय असलेल्या दोन टीम वर-खाली दिसतात. पोर्तुगीज वाचता येण्यापुरती शिका, बातम्या त्या भाषेत आधी आणि जास्त तपशिलात येतात. पैशांचं खरं सांगायचं तर फक्त या एका खेळावर घर चालत नाही, काम स्पर्धांच्या हंगामात येतं आणि मग शांतता, त्यामुळे सोबत फुटसाल (हॉलमधला फुटबॉल) किंवा नेहमीचा फुटबॉल ठेवा. पण स्पर्धा आली की विचारायला माणसं कमी असतात आणि फोन तुम्हालाच येतो.

हायलाइट्सवर थांबू नका, पूर्ण मॅच बघा, कारण कोण कधी आत आला कधी बाहेर गेला हे हायलाइट्समध्ये दिसतच नाही. मी सांगेन की आधी 2009 ची फायनल बघा, लगेच 2011 ची, मग 2024 ची दुबईतली इटलीविरुद्धची 6-4 आणि शेवटी 2025 ची सेशेल्समधली बेलारूसविरुद्धची 4-3, आफ्रिकेतला पहिला बीच वर्ल्ड कप तो. प्रत्येक मॅचला एक कागद घ्या आणि गोल कोणी केला यापेक्षा त्या वेळी वाळूवर कोण पाच जण होते तेवढंच लिहीत जा.