या चुका टाळा: इमर्जन्सी पेशंट तपासताना नवे पॅरामेडिक कुठे घसरतात

परीक्षेत विचारलं तर एअरवे (श्वासमार्ग), ब्रीदिंग (श्वास), सर्क्युलेशन (रक्ताभिसरण), डिसॅबिलिटी (शुद्ध), एक्स्पोजर (अंग उघडून तपासणं) हा क्रम प्रत्येक जण घडाघडा म्हणतो. रस्त्यावर मात्र दुचाकीवरून पडलेल्याच्या नडगीचं हाड बाहेर आलेलं दिसलं की हात आधी तिकडे जातात. पट्टी छान बांधली जाते आणि तेवढ्या वेळात घशात रक्त साठून त्याच माणसाचा श्वास कोंडतो. नवशिक्यांच्या बहुतेक चुका माहिती कमी असल्यामुळे होत नाहीत. जे डोळ्यांत भरतं त्याच्यामागे क्रम सोडून गेल्यामुळे होतात. क्रमाला अपवाद एकच, भळाभळा वाहणारं रक्त. ते आधी थांबवायचं, मग एअरवे. आणि ज्या टप्प्यावर बिघाड सापडेल तो तिथेच हाताळल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.

गाडीतून उतरण्याआधी

तुटलेली विजेची तार, गळणारा सिलिंडर, मागून येणारा ट्रक हे आधी बघा. सेप्टिक टँकमध्ये किंवा जुन्या विहिरीत बेशुद्ध पडलेल्याला काढायला गेलेला दुसराही आतच कोसळला असेल, तर आत विषारी वायू आहे किंवा ऑक्सिजन नाही असंच धरा. अग्निशमन दलाच्या श्वसनयंत्राशिवाय तिसऱ्याने उतरायचं नाही. दुसरी चूक मोजण्याची. दुचाकी एक म्हणून पेशंट एक असं नसतं. मागे बसलेली व्यक्ती रस्त्याकडेच्या चारीत फेकली गेलेली असू शकते. जमलेल्यांना पहिला प्रश्न हाच विचारा, गाडीवर किती जण होते?

"श्वास चालू आहे" असं कुणी सांगितलं तर

हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं अनेक पेशंट अधूनमधून आचके देतात. नातेवाईक त्याला श्वास म्हणतात, आणि नवा माणूस ऑक्सिजनचा मास्क लावून बीपीचा पट्टा शोधू लागतो. पेशंट प्रतिसाद देत नाही, श्वास नेहमीसारखा नाही आणि मानेतली नाडी १० सेकंदांत खात्रीने लागत नाही, एवढं पुरेसं आहे. छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांना २ श्वास. दाबणारा थकला की नकळत छातीवर रेलून राहतो आणि छाती पूर्ण वर येत नाही. म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदला, तो "मला जमतंय" म्हणाला तरी. एईडीचं (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचं) पॅड चिकटत नसेल तर घाम पुसा, औषधाची पट्टी असेल तर काढा, मंगळसूत्र पॅडखाली येणार नाही असं बाजूला करा.

श्वास असेल तर त्याचा आवाज ऐका. घोरण्यासारखा आवाज म्हणजे जीभ मागे पडली आहे. गुळगुळ आवाज म्हणजे घशात रक्त, उलटी किंवा लाळ. तिथे हनुवटी उचलून काही होत नाही, सक्शन (यंत्राने ओढून काढणं) लागतं. तोंडात गुटखा, सुपारी, सुटलेली कवळी आहे का ते डोळ्यांनी बघा. सक्शनचं टोक दिसेल तेवढंच आत घाला आणि एका वेळी १० ते १५ सेकंदांवर जाऊ नका. मानेला मार असेल तर जबडा पुढे ढकला. पण तेवढ्याने हवा जात नसेल तर डोकं हळूच मागे करावंच लागतं, कारण बंद एअरवे मणक्यासाठी थांबत नाही.

तोंडातली एअरवे नळी ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजूनच घ्या. लहान पडली तर ती जिभेलाच मागे लोटते, मोठी पडली तर एपिग्लॉटिसवर (श्वासनळीच्या तोंडावरच्या झडपेवर) दाबते. नळी घालताना उबळ आली तर लगेच बाहेर काढा.

अंबू बॅग दाबतोय, पण छाती उठत नाही

अंबू बॅग म्हणजे मास्कमधून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. छाती उठत नसली की बहुतेक जण जोर वाढवतात. जोर न वाढवता हे क्रमाने तपासा. मास्कच्या कडेने हवा निसटते का? एकटे असाल तर एका हाताने मास्क धरायच्या नादात चेहऱ्यावर दाबला जातो. मास्क खाली दाबायचा नसतो, जबडा वर मास्कमध्ये ओढायचा असतो. दोघे असाल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. दाढी दाट असेल तर कडेला जेली लावा. घट्ट बसलेली कवळी बॅग देताना तोंडात राहू द्या, गाल बसत नाहीत. मग डोक्याची स्थिती बदला, नळी घाला, पुन्हा तोंडात बघा. बॅग फार हलकी लागत असेल तर गळती शोधा. फार घट्ट लागत असेल तर अडथळा, दम्याचा झटका किंवा छातीत दाबाखाली कोंडलेली हवा.

छाती उठू लागली की उलटी चूक सुरू होते, घाईघाईने बॅग दाबत राहण्याची. मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा असते आणि एका श्वासाला ५०० ते ६०० मिलिलिटर पुरते. पूर्ण बॅग पिळली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते. छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारं रक्त घटून बीपीही पडतं. नाडी चालू असलेल्या मोठ्या माणसाला ६ सेकंदांतून एक श्वास, तोही छाती जेमतेम उठेपर्यंत. घाबरलेल्या हाताला ६ सेकंद फार लांब वाटतात, म्हणून तोंडाने मोठ्याने मोजा.

ऑक्सिजनच्या पिशवीवाल्या मास्कची पिशवी लावण्याआधी भरून घ्या आणि प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटर ठेवा. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय. सिलिंडरचाही हिशेब करा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. १५ लिटरने तो १०० मिनिटं पुरतो, काटा निम्म्यावर असेल तर ५०. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या ठिकाणी घाट उतरून जायचं असेल तर हे गणित निघण्याआधीचं आहे.

सॅच्युरेशन ९८, म्हणजे ठीक?

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा हा आकडा हिमोग्लोबिन ऑक्सिजनने किती भरलंय ते सांगतो. ते भरलेलं ठेवायला पेशंट किती झगडतोय ते सांगत नाही. ९६ दाखवणारा दम्याचा पेशंट दोन शब्दांत थांबत असेल, मानेचे स्नायू ओढत असतील, तर तो थकून केव्हाही कोसळू शकतो. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर चालू असताना सापडलेल्या पेशंटचं सॅच्युरेशन तर बघूच नका. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. त्याला आकडा काहीही असो, पूर्ण ऑक्सिजन द्या.

उलट, बोलत-चालत असलेल्या पेशंटचं ७८ दिसलं तर बोट गार आहे का, नेलपेंट किंवा काळी मेंदी आहे का, हात थरथरतोय का, त्याच हातावर बीपीचा पट्टा फुगतोय का ते बघा. यंत्रावरची नाडी तुम्ही हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर तो आकडा धरू नका. मात्र पेशंट निळा पडलाय किंवा धापा टाकतोय, तर ही तपासणी ऑक्सिजन लावल्यावर करा. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या आजाराच्या) जुन्या पेशंटला ८८ ते ९२ पुरते, इतरांना साधारण ९४ ते ९८.

आणि श्वास खरोखर मोजा. फॉर्मवर प्रत्येक पेशंटचे श्वास १८ असतात, हे कुणाला पटत नाही. मनगट धरून नाडी मोजताय असं भासवत ३० सेकंद छाती बघा आणि दुप्पट करा. नाहीतर पेशंट जाणूनबुजून श्वास बदलतो.

बीपी १२०, तरी शॉक

शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं. बीपी चांगलं म्हणजे शॉक नाही, सगळ्यात जास्त नुकसान बहुधा याच गैरसमजाने होतं. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवतं. मोठ्या माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तापैकी दीड लिटरच्या आसपास जाईपर्यंत वरचा आकडा ठळकपणे पडत नाही. त्याआधी दिसतं ते वेगळंच: नाडी १०० च्या वर, हातपाय गार आणि घामट, दोन आकड्यांमधलं अंतर कमी (११०/९० सारखं), नख दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांहून जास्त वेळ, तहान, आणि बेचैनी. या बेचैनीला "नाटक करतोय" म्हटलं जातं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्करांची नाडी वाढतच नाही, त्यांना गोळ्यांबद्दल आवर्जून विचारा. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला उताणं ठेवलं तर गर्भाशयाच्या दाबानेच बीपी पडतं. तिला डाव्या कुशीवर कलतं करा.

पट्टा दंडाच्या घेराच्या ४० टक्के रुंद हवा. लहान पट्टा आकडा जास्त दाखवतो, म्हणजे शॉक लपवतो.

टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि रक्त थांबेपर्यंत घट्ट. पेशंट दुखतंय म्हणून ओरडतो आणि नवा माणूस सैल करतो. अर्धवट आवळलेल्या पट्ट्याने शिरा बंद होतात, धमनी चालू राहते आणि रक्तस्राव वाढतो. कंबरेचं हाड मोडल्याची शंका असेल तर ते हलवून बघू नका. बाइंडर (ते हाड आवळून धरणारा रुंद पट्टा) पोटावर बांधला तर उपयोग नाही, तो मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या बाहेरच्या उंचवट्यांवर यायला हवा. सलाइनच्या बाटल्या लावत बसण्यासाठी जागेवर थांबू नका. जास्त सलाइनने रक्त पातळ होतं, थंडही होतं. पांघरूण घाला आणि १० मिनिटांत हला.

दारूचा वास, लकवा, शुगर

वास आला म्हणून तपास संपत नाही. शुद्ध हरपलेल्या, गोंधळलेल्या, झटका आलेल्या प्रत्येकाची शुगर बघा. घरच्यांनी साखर भरवली असेल तर पेशंटच्या बोटालाही ती लागलेली असू शकते आणि ग्लुकोमीटर खोटा जास्त आकडा देतो. बोट पाण्याने पुसा, कोरडं करा, मग टोचा. ७० च्या खाली आणि पेशंट गिळू शकतोय, तर ग्लुकोज पाजा. गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. डॉक्टरांच्या आदेशाने शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलिलिटर, म्हणजे २५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर शुगर पुन्हा घसरते, त्यामुळे "बरं वाटतंय" म्हणाला तरी घरी सोडू नका.

कमी शुगरने एक बाजू लुळी पडल्यासारखीही दिसते, म्हणून लकवा म्हणण्याआधी शुगर. खरा स्ट्रोक असेल तर "कधी लक्षात आलं?" हा प्रश्न चुकीचा. "शेवटचं नीट कधी पाहिलंत?" असं विचारा. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांतच देता येतं आणि ते तास तिथून मोजतात. बीपी जास्त आहे म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका, पाणीही पाजू नका.

छातीत दुखणं आणि सॉर्बिट्रेट

बायका आणि मधुमेही यांच्यात हार्ट अटॅक कधीकधी नुसता घाम, मळमळ, दम असा येतो आणि अ‍ॅसिडिटी म्हणून जातो. १० मिनिटांत ईसीजी काढा, जिना चालत उतरवू नका. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून. सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) घरच्यांनी आधीच दिली असेल तर किती आणि कधी ते लिहा. वरचं बीपी ९० च्या खाली असेल किंवा पेशंटने गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलं असेल तर ती देऊ नका.

पहाटे पोटात दुखतंय

पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसा धरल्याची तक्रार करतो. हा मण्यार या विषारी सापाचा दंश असू शकतो. तो जवळजवळ दुखत नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पापण्या जड झाल्यात का, मान उचलता येते का ते बघा. पुढे श्वासाचे स्नायू थांबतात. तेव्हा पेशंट ऐकत असतो, पण हलू शकत नाही. बाहुल्याही प्रतिसाद देईनाशा होतात. त्याला मेलेला समजू नका, बॅग चालू ठेवा. दंशावर चिरायचं नाही, आवळायचं नाही. अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढायच्या. घरच्यांनी आधीच आवळून बांधलं असेल तर ते श्वासाची तयारी ठेवून, डॉक्टरांसमोरच सोडावं. साप मारून आणायची गरज नाही, आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे.

कीटकनाशक प्यायलेल्याला मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं ही जुनी खोड. ते द्रव फुप्फुसात जातं. हातमोजे घाला, कपडे काढा, त्वचा धुवा, लाळ सक्शन करा, गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. बाटली सोबत घ्या.

वाटेत आणि कॅज्युअल्टीच्या दारात

गंभीर पेशंटला दर ५ मिनिटांनी, स्थिर असलेल्याला १५ मिनिटांनी एअरवेपासून पुन्हा तपासा. स्ट्रेचरवर घेताना, गाडीत चढवताना, उतरवताना ऑक्सिजनची नळी निसटते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. हँडओव्हर (पेशंट डॉक्टरांच्या ताब्यात देताना माहिती सांगणं) अर्ध्या मिनिटात होतो: वय, काय आणि केव्हा घडलं, काय सापडलं, पहिले आणि शेवटचे आकडे, काय दिलं. टूर्निकेटची वेळ, अ‍ॅस्पिरिनची वेळ आणि स्ट्रोकमध्ये शेवटचं नीट पाहिल्याची वेळ तोंडी सांगून भागत नाही, ती केसपेपरला जोडायच्या फॉर्मवर लिहा.