जाळीवर लवकर पसरणारी वेल निवडताना
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, म्हणून वेल निवडताना फुलांपेक्षा आधी तिची ऊन सोसण्याची ताकद पाहावी. कायमच्या सावलीसाठी माझी पसंती मधुमालतीला आहे; संध्याकाळी पांढरी उमलणारी तिची फुले पुढे गुलाबी आणि शेवटी लालभडक होतात, मात्र खोड लाकडी व जड होत असल्याने बांबूऐवजी लोखंडी जाळीच उभारावी. याच हंगामात जाळी झाकायची असेल, तर पहिल्या पावसानंतर गिलके लावावे, भाजीही मिळते. गोकर्णाची वेल लावायची असेल, तर तिचे बी रात्रभर भिजवून पेरावे. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेव्हा खड्ड्यात वाळू व शेणखत अवश्य मिसळावे, आणि कोवळे शेंडे सुतळीने सैलसर बांधावेत.