अंगठीत मोठा हिरा बसवायचाय? सराफ बाजारात शिरण्याआधी

सासूबाईंच्या हिऱ्याच्या टॉप्सची जोडी होती. त्यातला एक कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीत हरवला आणि दुसरा पंधरा वर्षं डबीत पडून राहिला. ४० सेंटचा एकटा हिरा. माझ्या साखरपुड्याच्या अंगठीत १० सेंटचा होता, तो काढून हा बसव, असं त्यांनीच सुचवलं. हे काम मी दोनदा करून घेतलं, कारण पहिल्यांदा चुकीचं करून घेतलं. ज्यांच्या घरात असाच एखादा हिरा डबीत बसलाय त्यांच्यासाठी ही यादी, आणि ती दुकानात जायच्या आठवडाभर आधी सुरू होते.

आधी आकडे बघून ठेवा. १ कॅरट म्हणजे १०० सेंट, म्हणजे ०.२ ग्रॅम. चौपट वजनाचा हिरा चौपट मोठा दिसेल असं वाटतं, पण १० सेंटचा गोल हिरा साधारण ३ मिलिमीटर रुंद असतो आणि ४० सेंटचा पावणेपाचच्या आसपास. वजनात फरकही नगण्य, ४० सेंट म्हणजे ०.०८ ग्रॅम. खरी गोम खोलीत आहे. गोल हिऱ्याची खोली रुंदीच्या साधारण ६० टक्के असते, म्हणजे पूर्वी जिथे पावणेदोन मिलिमीटर लागत होते तिथे आता पावणेतीन लागणार. हा वाढलेला एक मिलिमीटर कुठेतरी जाणारच: खाली बोटाकडे, नाहीतर वर हवेत. खाली गेला तर हिऱ्याचं टोक बोटाला टोचतं, वर गेला तर अंगठी केसांत, ओढणीत, स्वेटरात अडकते. तेव्हा घरातच आरशासमोर उभं राहून ठरवा की तुम्हाला किती उंच अंगठी झेपेल. दुकानातल्या झगमगाटात हे ठरत नाही.

आता प्रॉंगकडे. प्रॉंग म्हणजे हिऱ्याला वरून धरणाऱ्या सोन्याच्या नख्या. माझं इथेच चुकलं. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने हिरा अंगठीवर ठेवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, बसतोय की! प्रॉंग थोडे उघडून देतो." मजुरी कमी, काम दोन दिवसांत, मीही खूश. डिसेंबरातल्या एका सकाळी स्वेटर काढताना लोकर अडकली आणि एक नखी सरळ उभी राहिली. हिरा उरलेल्या तिघींच्या भरवशावर डुलत होता. पडला नाही हे नशीब.

हे का होतं ते नंतर एका म्हाताऱ्या कारागिराने समजावलं. नखीच्या आतल्या बाजूला एक खाच असते आणि हिऱ्याची कंबर, कारागिरांच्या भाषेत गर्डल, त्या खाचेत बसते. ही खाच जुन्या हिऱ्याच्या मापाने आणि उंचीवर पाडलेली असते. मोठ्या हिऱ्यासाठी नखी बाहेर वाकवली की खाच भलत्याच जागी येते. मग नवी पाडतात, म्हणजे आधीच पोखरलेल्या नखीला दुसऱ्यांदा पोखरतात. त्यात सोनं वाकवलं की कडक होतं, पुन्हा पुन्हा वाकवलं की तडकतं. आणि बाहेर झुकलेल्या नखीचं टोक हिऱ्याच्या माथ्यावर पुरेसं येतच नाही. वरून पाहिलं तर सगळं छान दिसतं.

म्हणून तुमच्या यादीतला पहिला प्रश्न हा: "प्रॉंग उघडणार, की नवीन हेड लावणार?" हेड म्हणजे नख्यांसकट अख्खं कोंदण. हिरा जुन्याच्या अगदी जवळपासच्या मापाचा असेल, म्हणजे २० सेंटच्या जागी २३, तर आहे त्या नख्यांवर टोकं भरून काम होतं. दुपटीच्या पुढे गेलात की जुनं हेड कापून नवं झाळावंच लागतं, असं माझं स्पष्ट मत आहे. सराफ नको म्हणत असेल तर कारण विचारा. "गरज नाही" हे कारण धरू नका. खाच नखीच्या निम्म्या जाडीहून खोल जाणार नाही ना, हेही विचारून ठेवा. प्रश्न ऐकून समोरचा वैतागला तर दुकान बदला.

नख्या चार की सहा, हा वाद घरोघर रंगतो. सहा असल्या की एक गेली तरी पाच धरतात, चारातली एक गेली तर माझ्यासारखं होतं. पण छोट्या हिऱ्यावर सहा नख्या म्हणजे हिरा कमी आणि सोनं जास्त दिसतं. ४० सेंटला चार जाड नख्या पुरतात, अर्ध्या कॅरटच्या पुढे मी सहा घेईन. चौकोनी हिऱ्याच्या कोपऱ्यांना मात्र साधी नखी चालत नाही. कोपरा झाकणारी, व्ही आकाराची लागते, कारण तो कोपराच सगळ्यात आधी टवका उडून जातो. आणि रोज दोन्ही वेळा कणीक मळणारा, भाकरी थापणारा हात असेल तर नख्यांचा नाद सोडून बेझल करा, म्हणजे हिऱ्याभोवती सोन्याची अखंड कड. चमक थोडी कमी वाटते, पण अडकायला काही उरत नाही. मी दुसऱ्या वेळी बेझलच केलं. सासूबाई म्हणाल्या, "जुन्या वळणाचं दिसतंय." मला तेच हवं होतं.

अंगठीच्या आत भिंगातून बघा. २२के९१६ लिहिलं असेल तर सोनं २२ कॅरटचं आहे (सोन्याचं कॅरट म्हणजे शुद्धता, हिऱ्यासारखं वजन नव्हे), हिऱ्याच्या नख्यांसाठी फार मऊ. १८के७५० असेल तर उत्तम, त्यात सोनं ७५ टक्के आणि बाकी कडकपणा देणारे धातू. २२ कॅरटच्या अंगठीलाही १८ कॅरटचं हेड लावता येतं, फक्त ते पावतीवर तसं लिहून घ्या, नाहीतर उद्या मोडताना टंच काढल्यावर वाद होतो. हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असेल तर त्याचा जवळून फोटो काढून ठेवा. तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, पण लेझरने कोरलेला असल्याने अंगठी लहान-मोठी करताना किंवा जोरात पॉलिश मारताना पुसला जाऊ शकतो. जुन्या दागिन्यांवर हा क्रमांक नसतोच, घाबरायचं कारण नाही. अंगठीची पट्टी तळाशी किती झिजली आहे तेही बघा. वीस वर्षं घातलेली अंगठी खाली कागदासारखी झालेली असते. असल्या पट्टीवर जड हेड बसवलं की ती वाकते, आणि पट्टी वाकली की नख्या ढिल्या पडतात.

हिरा तपासणं बाकी आहे. तो जुन्या कानातल्यातून किंवा लॉकेटातून काढायचा असेल तर तुमच्या समोर काढायला सांगा आणि मोकळा झाल्यावर कॅरटच्या काट्यावर वजन करा. कोंदणात बसलेल्या हिऱ्याचं वजन हा अंदाज असतो, मग सांगणारा कितीही अनुभवी असो. पाठीमागून बंद कोंदणातला हिरा उघडला की रंग वेगळा दिसतो, कधी पिवळसर. तेव्हा कुणी बदलला असं लगेच ओरडू नका, पण काढताना समोर बसा म्हणते ते याचसाठी. मग दहा पट भिंगातून कंबर बघा. तिथे टवका किंवा बारीक चीर असेल तर ती कारागिराला आधीच दाखवा. हिरा जगातला सगळ्यात कठीण पदार्थ असला तरी विशिष्ट दिशांना तो फुटतो, आणि नखी दाबताना जोर नेमका कंबरेवर येतो. शहाणा कारागीर तो टवका नखीखाली सुरक्षित झाकतो आणि चीर मात्र दाबापासून दूर ठेवतो.

नवा हिरा विकत घेणार असाल तर जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कंबरेवर कोरला असेल तर भिंगातून जुळवा. दुकानातलं पेनासारखं टेस्टर खाणीतला आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा वेगळा ओळखत नाही. दोघेही हिरेच आहेत, किंमत मात्र एक नाही.

काम कधी द्यायचं? दिवाळी, अक्षय्य तृतीया आणि लग्नसराईत कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. मी दुसरं काम पितृपक्षात दिलं. पितृपक्षात कुणी सोनं घेत नाही, पण दुरुस्तीला कुणाची ना नसते, आणि कारागीर निवांत असतो. लगेच पुढे नवरात्र, आणि बंगाली कारागीर दुर्गापूजेला गावी जातात, तेव्हा त्याआधी अंगठी हातात यायला हवी. भर पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या सराफ बाजारात दागिना सोडायला मी कचरते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारात दुकानं रिकामी करायची धावपळ सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टात तर मारुतीच दिसेनासा झाला होता. सराफ आपला माल हलवतात, त्यांना सवय आहे. पण त्या गडबडीत माझी पुडी कुठल्या पिशवीत गेली याची काळजी मला नको.

काम नाशकातच होणार की मुंबईला जाणार, हेही विचारा. कॉलेज रोडच्या चकचकीत दुकानापासून जुन्या बाजारातल्या माडीपर्यंत कुणीही हिऱ्याचं जडणकाम बाहेर पाठवत असू शकतं. त्यात वाईट काही नाही. फक्त वाटेत जबाबदारी कुणाची ते पावतीवर हवं. पावती पक्की घ्या: अंगठीचं वजन दोन दशांशांपर्यंत, हिऱ्याचं सेंटमध्ये, हेड किती कॅरटचं, घट किती धरणार, मजुरी किती, जुना हिरा परत मिळणार. दोन्हींचे फोटो त्यांच्यासमोर काढा. लाज वाटते, मान्य आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा घरचा सराफ असला तर जास्तच वाटते.

बोटाचं माप संध्याकाळी द्या. नाशिकच्या थंडीत सकाळी बोटं आक्रसतात आणि त्या मापाची अंगठी उन्हाळ्यात निघत नाही. उलट, मोठ्या हेडची अंगठी सैल असली की डोकं जड होऊन सारखी फिरते. मग हिरा तळहाताकडे, आणि आपटायला दुचाकीचं हँडल तयारच. माप बदलायचं असेल तर ते हिरा बसवण्याआधी. क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी माप, मग झाळकाम, मग साफसफाई, हिरा अगदी शेवटी. हिरा बसल्यावर पट्टी ठोकली की नख्या उघडतात. आणि हिरा म्हणजे शेवटी कार्बन. झाळताना उघड्या हिऱ्यावर आगीचा झोत लागला तर पृष्ठभाग धुरकट होतो आणि तो पुन्हा पॉलिश करताना वजन जातं. हिरा लावलेला ठेवूनच झाळायची वेळ आली तर आधी बोरिक ॲसिडचा लेप देतात. लेझर वेल्डिंग मिळालं तर हा प्रश्नच उरत नाही.

अंगठी आणायला दुपारी जा, उजेडात. दुकानाचे दिवे सगळं लपवतात. हिरा बाजूने बघा: सपाट बसलाय की एका अंगाला कललाय? नखीचं टोक आणि हिरा यांच्यामध्ये भिंगातून फट दिसते का? अंगठी कानाजवळ धरून टिचकी मारा, बारीकसा टिकटिक आवाज आला तर हिरा हलतोय. कापसाचा बोळा चारी बाजूंनी फिरवा, तंतू अडकला की तिथे नखी उचललेली. बेझल असेल तर कडेवरून नख फिरवा, ठेच लागायला नको. वजन करून पावतीशी ताळा घाला. एवढं सगळं करायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पहिल्यांदा मी तेवढीही दिली नव्हती, कारण मेनरोडवर गाडी नो-पार्किंगला होती.

पहिला महिनाभर रोज रात्री कापूस फिरवा. कणीक मळताना, जिममध्ये, पोहताना अंगठी काढा, तलावातलं क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूंना खातं. हिऱ्यावर तेलकटपणा पटकन चिकटतो आणि तो निस्तेज दिसतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश पुरे. फक्त हे बेसिनवर नको, वाटीत करा. सहा महिन्यांनी भिंगाखाली दाखवून घ्या.

आणि जुना हिरा पुडीत परत मागायला विसरू नका. मी पहिल्या वेळी विसरले होते. तीन आठवड्यांनी आठवण झाली, गेले, पावतीवर त्याचा उल्लेखच नव्हता. दुकानदाराने एका डबीतून काढून दिला, वजन ११ सेंट भरलं. आता तो माझा आहे की आणखी कुणाचा, देव जाणे. लेक म्हणते, तिला त्याची चमकी करून हवी आहे.